बहिणीच्या भाषाविज्ञानासाठी ३६ लाखांचं कर्ज: सही करू का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

माझी धाकटी बहीण यंदा सांगलीतून मराठी-इंग्रजी घेऊन बीए झाली. चांगले मार्क आहेत. तिला भाषाविज्ञान करायचंय. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरपासून. फी, राहणं, व्हिसा, तिकीट सगळं धरून ३६ लाख लागतात. बँक द्यायला तयार आहे, व्याज ११ टक्के. तारण म्हणून आमचं घर, सहकर्जदार मी.

वडील साखर कारखान्यातून रिटायर झाले. ग्रॅच्युइटीत त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं, तेच हे घर. मी डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला कंपनीत आहे. हातात ५२ हजार येतात. भाडं, घरी पाठवायचे पैसे आणि माझं खाणंपिणं जाऊन १४-१५ हजार उरतात.

शिकल्यावर काम काय मिळतं, पगार किती आणि हप्ता कुठून भरायचा, एवढंच मला कळत नाही. गावात कुणाला विचारलं तर "म्हणजे बीएड का?" म्हणतात. बहीण म्हणते, काम आहे. मला तिच्यावर विश्वास आहे, पण सही माझी आहे. या विषयात असलेल्यांनी, कर्ज काढलेल्यांनी खरं खरं सांगावं. पुढच्या शुक्रवारी बँकेत जायचंय.

तळ्याकाठी

आधी एक विचारते, राग मानू नका. भाषाविज्ञान म्हणजे व्याकरण आणि शुद्धलेखनच ना? त्यासाठी इंग्लंडला कशाला जायचं?

स्वरयंत्र

@तळ्याकाठी, राग कशाला. सगळेच विचारतात.

"जग" हा शब्द घ्या. "हे जग सुंदर आहे" मधला ज आणि "तू शंभर वर्षं जग" मधला ज मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मागे. अक्षर एकच, ध्वनी दोन, अर्थही दोन. आता "माझा" म्हणा आणि लगेच "माझी" म्हणा. पुढे ई आली की झ आपोआप टाळूकडे सरकतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, तरी शाळेत न गेलेलं पोरही चुकत नाही. हे असं का होतं, इतर भाषांत काय होतं, पोर हे शिकतं कसं, याचा अभ्यास म्हणजे भाषाविज्ञान. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणं हे त्याचं काम नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो. या विषयात माझी पंधरा वर्षं गेलीत.

अण्णा_आजरेकर

मी दहा मिनिटं "माझा माझी माझा माझी" म्हणतोय. बायको विचारते, कुणाची?

हिशेबनीस

मी सरकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची आठ कर्ज विभागात. शैक्षणिक कर्जाच्या फायली रोज हातात असायच्या. तेव्हा आधी आकडे मांडू, विषयाचं इतर लोक बोलतील.

३६ लाख, ११ टक्के, १० वर्षं. बँकेतला माणूस कागदावर ४९,६०० चा हप्ता लिहून देतो आणि मंडळी तोच आकडा घेऊन घरी जातात. तो खरा नाही. शिक्षणाचं वर्ष आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. समजा पहिल्या दिवशी २० लाख उचलले आणि सहा महिन्यांनी १६. दोन वर्षांनी हप्ता सुरू होईल तेव्हा सरळव्याजानंच ७ लाख ४ हजार चढलेले असतील. ते मुद्दलात मिळवतात. म्हणजे कर्ज झालं ४३ लाख ४ हजार आणि हप्ता ५९,३००. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ४८,९०० वर येतो, पण एकूण फेड जाते ८८ लाखांवर.

व्याज चढू द्यायचं नसेल तर महिन्याच्या महिन्याला भरावं लागतं. पहिले सहा महिने १८,३००, त्यानंतर ३३,०००. तुमच्याकडे उरतात १५.

आणखी दोन गोष्टी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते, ज्याला सगळे ८०ई म्हणून ओळखतात. ती स्वतःच्या, नवराबायकोच्या, मुलांच्या किंवा आपण ज्याचे कायदेशीर पालक आहोत त्याच्या शिक्षणाला मिळते. भावानं बहिणीसाठी हप्ता भरला तर भावाला मिळत नाही. शिवाय ती जुन्या करप्रणालीतच आहे. तेव्हा "टॅक्स वाचेल" हे कुणी सांगितलं असेल तर मनातून काढून टाका.

दुसरं, घर गावठाणात आहे का? प्रॉपर्टी कार्ड आहे का, नुसता ग्रामपंचायतीचा उतारा आहे? सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, झाला का? पुष्कळ फायली इथंच अडतात आणि व्हिसाची तारीख जवळ आली की माणूस घाईनं खासगी वित्तसंस्थेकडे जातो, दीड-दोन टक्के जादा व्याजानं. घाईत सही करू नका, एवढंच माझं आत्ता सांगणं.

कृष्णाकाठ

काका, मनापासून आभार. बँकेनं मला ४९,६०० च सांगितला होता. ८०ई चं तर मी धरूनच चाललो होतो. घराचं प्रॉपर्टी कार्ड आहे, वडिलांच्या नावावर.

दूरदेशी

थोडा वेगळा सूर लावते. मी २०१९ मध्ये असंच कर्ज काढून इंग्लंडला भाषाविज्ञानाचं एमए केलं. २२ लाख होते. आज फिटलंय. पश्चात्ताप नाही.

त्या वर्षानं मला काय दिलं ते सांगते. ध्वनिप्रयोगशाळेत रात्री आठपर्यंत बसायला मिळायचं. ज्यांचे लेख वाचून मी परीक्षा दिली होती, ती माणसं समोर बसून माझ्या मसुद्यावर पेन्सिलनं खुणा करायची. इथं मला घाबरत प्रश्न विचारायची सवय लागली होती, ती तिथं गेली. हे पैशात कसं मोजायचं मला माहीत नाही, पण ते खरं आहे.

आता पैशाचं. मला भाषाविज्ञानाची नोकरी मिळाली नाही. एका कंपनीत आधी मजकुराची गुणवत्ता तपासणं, मग माहितीचं व्यवस्थापन अशा वाटेनं पगार वाढला. कर्ज फिटायला पाच वर्षं लागली, त्यातली तीन मी दोन मैत्रिणींसोबत एका खोलीत काढली.

तेव्हाची परिस्थिती आज नाही, हेही सांगायला हवं. शिक्षणानंतर राहायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा असतो, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच मिळणार. पीएचडीवाल्यांना तीन वर्षं. त्यानंतर राहायचं तर कुशल कामगाराचा व्हिसा लागतो. त्यासाठी पगाराची अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली, नव्यानं नोकरीला लागणाऱ्यांना सवलत धरून ३३,४००. भाषेच्या क्षेत्रात पहिलीच नोकरी एवढ्या पगाराची आणि वर व्हिसाचा खर्च उचलणाऱ्या मालकाकडे मिळणं फार अवघड आहे. तेव्हा हप्ता रुपयांतल्या पगारातून भरायचा असंच धरून गणित करा. पौंडांत मिळाला तर वरकड समजा.

स्वरयंत्र

कालचं पुढे.

मी पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान केलं. फी इतकी कमी होती की मी ती शिकवण्या घेऊन भरली, घरून एक पैसा मागितला नाही. कुठल्याही शाखेची पदवी चालते. माझ्या वर्गात एक बीएस्सी होता, एक संस्कृतवाली होती आणि एक दंतवैद्य. मुंबईत विद्यापीठाच्या कालिना आवारातही हा विभाग आहे. हा विषय आपल्या दारात आहे आणि तोही उसना आणलेला नाही. सुमित्र मंगेश कत्रे, घाटगे, अशोक केळकर हे भाषाशास्त्रज्ञ डेक्कन कॉलेजातलेच. १९५० च्या दशकात देशभरातले तरुण पुण्याला उन्हाळी वर्गांना येऊन भाषाविज्ञान शिकून गेले.

आता दुसरी बाजू. एमएनंतर नेट झालो. नेट म्हणजे नोकरी नव्हे, पात्रता. सहायक प्राध्यापकाची पक्की जागा मिळाली तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते. ऐकायला छान वाटतं. जागा किती निघतात? भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग असलेली महाविद्यालयंच आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी. मी नऊ वर्षं सीएचबीवर काढली, म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात शून्य, दिवाळीच्या सुट्टीत शून्य. एका वर्षी एका संस्थेनं जुलै ते डिसेंबरचं मानधन मार्चअखेर दिलं. सहा महिने मी सासऱ्यांकडून किराणा भरला. तेव्हा कर्जाचा हप्ता असता तर काय झालं असतं, याची आजही कल्पना करवत नाही.

नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर गोष्ट वेगळी. २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. त्यासाठी पीएचडीला प्रवेश लागतो. माझ्या ओळखीतल्या तिघांनी त्याच पैशात पीएचडी पूर्ण केली, कर्ज न काढता. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. कुठली लागू होते ते जातीच्या दाखल्यावर ठरतं, ते बघून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. हा विषय जरूर करावा, घर गहाण टाकून करू नये.

रानवारा

मी वेगळा प्रश्न विचारणार आहे आणि तो थोडा टोचेल. बहिणीऐवजी भाऊ असता आणि भाषाविज्ञानाऐवजी एमएस कॉम्प्युटर असतं, तर हा धागा निघाला असता का? माझ्या चुलतभावाला ४५ लाख देताना आमच्या घरात कुणीही "काम काय मिळतं" विचारलं नव्हतं. मला फाइन आर्ट्सला दीड लाख देताना बैठक बसली होती.

कृष्णाकाठ

@रानवारा, टोचला, पण विचारलात ते बरं केलंत. काल रात्रपाळीला हेच डोक्यात होतं.

माझ्या डिप्लोमाला वडिलांनी पतसंस्थेतून ८० हजार काढले होते. कुणी बैठक घेतली नाही, खरं आहे. पण ते ८० हजार फिटेपर्यंत आई दर महिन्याच्या सात तारखेला पतसंस्थेच्या माणसासाठी डब्यात पैसे वेगळे काढून ठेवायची. तो सायकलवरून यायचा. पैसे कमी असले की आई मागच्या दारानं शेजारी जायची. बहीण तेव्हा पाचवीत होती, तिला आठवत नसेल. मला सात तारीख आजही आवडत नाही. मी विचारतोय ते त्यामुळे. ती मुलगी आहे म्हणून नव्हे. तिला शिकवायचंच आहे, कसं ते ठरवायचंय.

तळ्याकाठी

डोळ्यांत पाणी आलं हो.

यंत्रमराठी

पगारावर कुणी नेमकं लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. मी भाषाविज्ञान एमए, पुण्यात बोलणाऱ्या यंत्रांवर काम करतो. मजकूर दिला की आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली असते, तिच्या मराठीची जबाबदारी आमच्या गटाकडे आहे.

वर स्वरयंत्र यांनी "जग" चं उदाहरण दिलं, तेच माझं रोजचं काम. यंत्राला अक्षर दिसतं, ध्वनी दिसत नाही. "चार चाकं" हे दोन शब्द ते एकाच च नं वाचतं आणि ऐकणारा लगेच ओळखतो की हा मराठी माणूस नाही. मग आम्ही उच्चारकोश बनवतो, एकेका शब्दाला कुठला च, कुठला ज ते लावतो. नियम लिहितो, अपवाद लिहितो. "घर" मधल्या र चा शेवटचा अ उच्चारायचा नाही पण "मित्र" मधल्या त्र चा उच्चारायचा, असल्या शेकडो गोष्टी. इंजिनिअर हे करू शकत नाहीत, त्यांना ते ऐकूच येत नाही.

सात वर्षांपूर्वी मी वर्षाला ४ लाख २० हजारांवर लागलो, आज १४ लाख मिळतात. पण यातली मेख सांगतो. नुसत्या एमएवर मी दोन वर्षं ४ लाखांवरच होतो. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो आणि थोडी संख्याशास्त्राची तयारी केली, तेव्हा पगार हलला. माझ्यासोबत लागलेल्या पाचजणांपैकी ज्यांनी हे केलं नाही ते आजही कंत्राटावर आहेत. आवाज ऐकून खुणा लावायच्या, तासावर पैसे, प्रकल्प संपला की घरी. आणि आता यंत्रं स्वतःच पुष्कळ शिकतात, त्यामुळे खुणा लावायचं काम कमी होत चाललंय. राहतंय ते यंत्र कुठं चुकलं आणि का चुकलं हे सांगणाऱ्याचं.

आपल्या भाषांवरचं काम भारतातच होतं. आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध दाखवणारा संगणकीय कोश, झाला, हैदराबादच्या ट्रिपल आयटीत भाषातंत्रज्ञानाचं मोठं केंद्र आहे, पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणन संस्था आहे, २०२२ पासून केंद्राचा भारतीय भाषांच्या यांत्रिक अनुवादाचा भाषिणी प्रकल्प चालू आहे. तिथं प्रकल्प सहायक म्हणून शिरता येतं. पगार बेताचा, पण शिकायला भरपूर मिळतं.

४ लाख २० हजार म्हणजे हातात महिना ३२ हजारांच्या आसपास. ५९ हजारांचा हप्ता त्याच्यासमोर ठेवून बघा.

शब्दपोई

अनुवाद आणि स्थानिकीकरण, म्हणजे अ‍ॅप-संकेतस्थळं मराठीत आणणं, राहिलं. शब्दामागे मला चांगल्या वर्षात सव्वा रुपया मिळायचा. आता यंत्रानं केलेला अनुवाद सुधारून द्यायला सांगतात, शब्दामागे चाळीस पैसे. मी दिवसाला तीन हजार शब्द करते, मान मोडते. यावर कर्ज काढू नये.

बोलते_व्हा

एक गैरसमज नेहमी आढळतो, तो आधीच दूर करते. मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे, अडखळणारी मुलं, पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा यांच्यासोबत काम करते. या कामाला मागणी आहे आणि मी माझ्या क्लिनिकवर घर चालवते. पण भाषाविज्ञानाचं एमए करून हे करता येत नाही. त्यासाठी बीएएसएलपी ही वाचा-श्रवण उपचाराची पदवी लागते, चार वर्षांची, इंटर्नशिप धरून, आणि बारावीला विज्ञान लागतं. मग भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी. वांद्र्याची अली यावर जंग संस्था, म्हैसूरचं वाक् श्रवण संस्थान ही त्यातली नावाजलेली. तुमची बहीण कला शाखेची आहे, तेव्हा ही वाट बंद आहे. कुणी "स्पीच थेरपीत जाता येईल" असं सांगितलं असेल तर त्या भरवशावर राहू नका.

सारब्रुकेनहून

जर्मनीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, काही शे युरोंचं सेमिस्टर शुल्क असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, म्हणजे ट्युबिंगन, श्टुटगार्टला ते लागतात. सारलांड राज्यात, म्हणजे आमच्या सारब्रुकेनला, नाहीत.

व्हिसासाठी ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, १२ लाख रुपयांहून जास्त. पण ते पैसे आपलेच असतात, इथं आल्यावर महिन्याला ९९२ युरोप्रमाणे परत मिळतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायला परवानगी आहे. मी पहिले आठ महिने बेकरीत पहाटे चारला जायचो, नंतर विभागातच सहायकाचं काम मिळालं आणि दुसऱ्या वर्षाचा खर्च माझा मीच भागवला. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. इरॅस्मस मुंडुस या युरोपीय योजनेत अनेक विद्यापीठांचे जोडअभ्यासक्रम असतात, त्यांची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १,४०० युरो.

अडचण अशी की इथले इंग्रजीतले अभ्यासक्रम बरेचसे संगणकीय आहेत. नुसत्या मराठी-इंग्रजी बीएवर प्रवेश अवघड. आधी भारतात भाषाविज्ञानाचं एमए आणि सोबत प्रोग्रॅमिंग झालं असेल तर दार उघडतं. माझं तसंच झालं. पुण्याची दोन वर्षं आधी, सारब्रुकेन नंतर.

पैलतीर_न्यूजर्सी

अमेरिकेचं थोडक्यात. पगारी पीएचडी मिळाली तर या, फी माफ आणि महिन्याचा खर्च निघतो. स्वतःच्या पैशानं एमएला येताना पदवीचा सीआयपी क्रमांक, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, आधी विचारा. निव्वळ भाषाविज्ञानाचा १६.०१०२ स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत नाही, त्यामुळे नंतर कामाला फक्त १२ महिने मिळतात, २४ ची वाढ नाही. हे मला तिसऱ्या सेमिस्टरला कळलं.

अण्णा_आजरेकर

हल्ली अभिजात दर्जाचं ऐकतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही निघालं. त्यानं नोकऱ्या वाढणार नाहीत का?

स्वरयंत्र

अण्णा, वाढाव्यात अशी माझी फार इच्छा आहे. कोश, बोलींची सर्वेक्षणं, जुन्या हस्तलिखितांची संपादनं, डोंगराएवढं काम पडून आहे. पण जागेची जाहिरात येईपर्यंत ती जागा नसते. त्या आशेवर विद्यार्थ्यानं अभ्यास करावा, सहकर्जदारानं सही करू नये.

जुनापाना

कोशाचा विषय निघाला म्हणून लिहितो. डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश १९४८ मध्ये सुरू झाला. सुमारे १,५०० ग्रंथांतून काढलेल्या एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या. पहिला भाग छापून आला १९७६ ला. अजून काम चालू आहे. मी तरुणपणी तो चिठ्ठ्यांचा कक्ष बघितलाय. लोखंडी कपाटं, आत खण, खणात हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या, कडा मऊ झालेल्या. एक बाई एक चिठ्ठी काढून भिंगाखाली वाचत होत्या, माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही त्यांनी. तो पगाराचा विषय नव्हे हे खरंच, पण तिथं काम करणाऱ्यांना पगार मिळतो, हेही लक्षात असू द्या. पोरीला एकदा ते दाखवून आणा.

दूरदेशी

जुनापाना, हे सुंदर लिहिलंत.

कृष्णाकाठ, एक राहिलं. बहिणीला त्याच विद्यापीठात का जायचंय, हे विचारलंत का? इंग्लंडलाच जायचंय म्हणून, की तिथल्या एखाद्या विशिष्ट कामासाठी? मी गेले तेव्हा मला पहिलं हवं होतं आणि मी स्वतःला दुसरं सांगत होते. आणि प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला लेखी विचारा. बरीच विद्यापीठं देतात. चेव्हनिंग, कॉमनवेल्थ या शिष्यवृत्त्या आणि जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूपी शिष्यवृत्ती, या सगळ्यांचे अर्ज बरेच महिने आधी असतात. तिनं यातला एकही भरलेला नाही असा माझा अंदाज आहे, कारण प्रवेश मिळाल्यावरच या गोष्टी कळतात.

कृष्णाकाठ

ताई, अंदाज बरोबर आहे. एकही भरलेला नाही. पूर्ण धागा तिला पाठवलाय. रविवारी घरी गेलो होतो, बराच वेळ बोललो. आईही बसली होती. तिनं खातं उघडलंय, आता तीच लिहील.

माझा_माझी

नमस्कार. मीच ती बहीण. धागा दोनदा वाचला.

दादानं सात तारखेचं लिहिलंय ते मला आठवतं. मी पाचवीत होते, पण मागच्या दारानं आईबरोबर मीच जायचे.

दूरदेशीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. मला ध्वनिविज्ञान करायचंय आणि तिथली प्रयोगशाळा चांगली आहे, हे खरं. पण गावातून कुणी गेलेलं नाही आणि आपण जाऊन दाखवावं, हेही त्यात होतं. किती होतं ते सांगता येत नाही.

मला एका गोष्टीचं वाईट वाटलं, तेही लिहिते. बहुतेकांनी लिहिलंय की विषय करावा, कर्ज काढू नये. म्हणजे ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांनी प्रयोगशाळेत बसावं आणि आम्ही घरून वाचावं, असाच त्याचा अर्थ होतो. तुमचं गणित चुकीचं नाही. मी स्वतः वहीत मांडून बघितलं, ५९,३०० च आलं. पण गणित बरोबर असलं तरी ते न्यायाचं आहे असं होत नाही, एवढं मला म्हणू द्या.

ठरलंय ते असं. शुक्रवारी बँकेत जायचं नाही. प्रवेश पुढे ढकलायला लेखी विचारलंय, उत्तर आलेलं नाही. नाही म्हणाले तर तो गेला. पुण्याच्या एमएचा अर्ज भरते. यंत्रमराठी दादा, पायथॉन कुठून सुरू करायचं ते सांगाल का? माझं गणित दहावीनंतर सुटलंय, पण दहावीला ९१ होते.

यंत्रमराठी

जरूर. व्यक्तिगत निरोप केलाय. आधी तुमच्या आवाजाच्या दहा ध्वनिफिती घ्या आणि प्राट नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवा. माझा आणि माझी मधला झ त्यात डोळ्यांनी दिसतो. प्रयोगशाळेतही पहिल्या दिवशी हेच करतात.

रानवारा

न्यायाचं म्हणालीस ते अगदी खरं. कर्ज न काढता मिळणाऱ्या सगळ्या शिष्यवृत्त्यांच्या तारखांचा तक्ता मी करून देते, माझ्या कामात हे रोज असतं. आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी राज्य सरकारचीही परदेशी शिष्यवृत्ती आहे, तुमच्या उत्पन्नाचा दाखला तयार ठेव. तलाठ्याकडे आत्ताच जा.

स्वरयंत्र

प्रवेश झाला की कळव. माझी सत्रांतली टिपणं आणि दोन खोकी पुस्तकं तुझी. आणि जेआरएफचा अभ्यास पहिल्या वर्षापासून धर, शेवटच्या वर्षी धरू नकोस. मी ती चूक केली.

माझा_माझी

उतरवलं. आजीला बोलायला लावलं. आजी "चांदणं" म्हणते त्यातला च आणि "चिंच" म्हणते त्यातला पहिला च पडद्यावर वेगवेगळे दिसतात. आजीनंही बघितलं. म्हणाली, "मला कानानं कळतंय की."

तुमच्याकडचे म्हातारे कसं बोलतात हे मला गोळा करायचंय. सीमाभागातले कुणी आहेत का?

हिशेबनीस

माझी आई चंदगडची, ८६ वर्षांची. तिच्या बोलण्यात कोकणी आणि कानडी दोन्ही येतात, आमच्या घरातल्या सुनांना अर्धं कळत नाही. ऐकायला थोडं कमी येतं, पण बोलते भरपूर, सकाळी नऊ ते अकरा. पुढच्या मंगळवारी कोल्हापूरला येता येईल का? दादाला सुट्टी असेल तर दोघंही या, जेवायलाच या. तारणाचे कागद आणलेत तर तेही एकदा नजरेखालून घालतो, पुढं कधी लागले तर तयार असावेत.

कृष्णाकाठ

मंगळवारी मला सुट्टीच आहे काका. सकाळच्या एसटीनं येतो.